फळं-भाज्या वाढवल्या की रक्तातले अँटिऑक्सिडंट वाढतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. खालचे प्रश्न मला दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारले गेले आहेत. काही प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदाच लिहून ठेवावीत असं ठरवलं.

फळं-भाज्या जास्त खाल्ल्या की अँटिऑक्सिडंट खरंच वाढतात का? हो की नाही, एवढंच सांगा.

हो. पण कुठले, ते विचारा.

व्हिटॅमिन सी वाढतं. गाजर, पालक, पपई, भोपळा यांना रंग देणारी कॅरोटीनॉइड्स वाढतात. इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये २५ ते ६४ वयाच्या ६९० निरोगी माणसांवर सहा महिने एक प्रयोग झाला, तो २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अर्ध्या लोकांना समजावून-सांगून फळं-भाज्या वाढवायला लावल्या. वाढ फार नव्हती, दुसऱ्या गटापेक्षा दिवसाला साधारण दीड वाटीभर. तेवढ्यावर त्यांच्या रक्तातलं व्हिटॅमिन सी, बीटा-कॅरोटीन, ल्युटीन वाढलं. व्हिटॅमिन ई आणि टोमॅटोतलं लायकोपीन मात्र जागचं हललं नाही. आणि जाता जाता वरचं ब्लड प्रेशर दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ४ अंकांनी जास्त उतरलं. मला त्या सगळ्या अभ्यासात हा आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो, पण त्याबद्दल कोणी विचारत नाही.

मुळात अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?

वांगं चिरून दोन मिनिटं तसंच ठेवा, काळं पडतं. म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. सफरचंदाच्या फोडींना लिंबू चोळलं तर त्या बराच वेळ पांढऱ्या राहतात. लिंबातलं व्हिटॅमिन सी स्वतः ऑक्सिजनच्या तोंडी जातं आणि फोड वाचवतं. शरीरातली रसायनं जास्त गुंतागुंतीची आहेत, पण कामाची जात तीच. श्वास घेताना, अन्नातून ऊर्जा काढताना, जंतूंशी लढताना पेशींमध्ये फ्री रॅडिकल नावाचे खोडकर रेणू तयार होतात. त्यांना शांत करणारे ते अँटिऑक्सिडंट.

एक गोष्ट जाहिरातीत कधी सांगत नाहीत. यातली मोठी फौज शरीर स्वतःच तयार करतं. ग्लुटाथायोन, कॅटालेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही त्यांची नावं. रक्तातलं युरिक अ‍ॅसिडसुद्धा त्याच कामाला आहे. भाजीतून येणारी मंडळी बाहेरून आलेली मदत आहे. आणि फ्री रॅडिकल म्हणजे शुद्ध शत्रू असंही समजू नका, पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात.

किती दिवसांत वाढतात?

प्रत्येकाची चाल वेगळी आहे.

पॉलिफेनॉल, म्हणजे जांभळाचा जांभळा रंग, चहाचा तुरटपणा, कांद्यातलं क्वेर्सेटिन: खाल्ल्यावर तास-दोन तासांत यातला थोडासा भाग रक्तात दिसतो आणि बहुतेक दिवसभरात लघवीवाटे निघून जातो. साठा होत नाही.

व्हिटॅमिन सी: काही दिवसांत चढतं, दोन-तीन आठवड्यांत स्थिरावतं. बंद केलंत तर तसंच उतरतं. सी अजिबात मिळालं नाही तर एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीची लक्षणं दिसू लागतात.

कॅरोटीनॉइड्स: सगळ्यात सावकाश. ती चरबीत विरघळतात, त्वचेत साठतात. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ३५ जणांवर सहा आठवडे लक्ष ठेवलं तेव्हा ज्यांनी फळं-भाज्या वाढवल्या त्यांच्या त्वचेत हलकी पिवळसर झाक मोजता आली. आता बोटावर प्रकाश टाकून त्वचेतली कॅरोटीनॉइड्स मोजणारी छोटी यंत्रंही निघाली आहेत. सुई न टोचता.

तेव्हा सोमवारी भाज्या सुरू करून शुक्रवारी 'मॅडम, काही फरक वाटत नाही' असं म्हणू नका. वाटण्यासारखं त्यात काही नसतंच.

जितकं जास्त खाऊ तितकं वाढत जाईल ना?

नाही. निदान व्हिटॅमिन सीच्या बाबतीत तर नाहीच.

अमेरिकेत मार्क लेव्हिन यांच्या गटाने हे फार चिकाटीने मोजलं. सात निरोगी तरुण चार ते सहा महिने दवाखान्यात राहिले. आधी त्यांचं सी जवळजवळ तोडलं आणि मग दिवसाला ३० मिलिग्रॅमपासून २५०० मिलिग्रॅमपर्यंत पायरी-पायरीने वाढवत नेलं. १९९६ साली निकाल छापले. ३० ते १०० मिलिग्रॅमच्या टप्प्यात रक्तातली पातळी झपकन चढली. २०० मिलिग्रॅमला जवळजवळ भरत आली. पुढे गोळी पाचपट मोठी केली तरी फारसं वर जाईना. आतडं कमी शोषून घेतं आणि उरलेलं मूत्रपिंड बाहेर टाकतं. हंडा भरला की नळ कितीही सोडा, पाणी मोरीतच जाणार.

आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत पुरुषांना रोज ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम सी सांगितलं आहे. म्हणजे पोकळ आहार घेणाऱ्याने थोडं वाढवलं तर त्याला पुष्कळ फरक पडतो, आणि जो आधीच चांगलं खातो त्याने दुप्पट केलं तरी रिपोर्टमध्ये काही दिसत नाही. अँटिऑक्सिडंटच्या बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत त्यामागे हे एक मोठं कारण आहे. सुरुवात कुठून केली, यावर सगळं अवलंबून.

आम्ही रोज भरपूर भाजी खातो. आम्हाला अजून वाढवायची गरज आहे?

हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते, म्हणून टेबलावर एक वजनकाटा ठेवला आहे. परवा एक ताई आल्या होत्या. 'दोन्ही वेळा भाजी असते आमच्याकडे.' किती आणता? 'पाव किलो गवार.' किती माणसं? 'चौघं.' पाव किलो भागिले चार, म्हणजे माणशी साठ ग्रॅम. शिरा-देठ काढल्यावर पन्नास. रात्री बटाट्याची भाजी. आणि बटाटा यात धरत नाहीत! बटाटा, रताळं, साबुदाण्याचा कंद हे सगळे पिष्टमय पदार्थांच्या रांगेत बसतात.

जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम म्हणते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि वर १०० ग्रॅम फळ आहे. त्या ताईंच्या पन्नास ग्रॅम गवारीसमोर हे आकडे ठेवले की थोडा वेळ कोणी बोलत नाही.

आपल्या ताटात पोळी-भात हे जेवण आणि भाजी म्हणजे तोंडीलावणं. शब्दच सांगतो. प्रमाण उलटं करायला वेळ लागतो, म्हणून मी आधी एवढंच सांगते: आणायची तीच भाजी, फक्त पावाच्या जागी अर्धा किलो.

आवळा श्रेष्ठ की पेरू?

पेरू खा, परवडतो आणि पोटभर खाता येतो.

जुन्या तक्त्यांमध्ये १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम सी लिहिलेलं असायचं आणि अजूनही तोच आकडा ग्रुपवर फिरतो. पोषण संस्थेने २०१७ साली नव्याने मोजून छापलेल्या तक्त्यात तो सुमारे २५० आहे. पेरू २०० च्या थोडा वर. संत्रं ४० च्या आसपास. आता हिशेब करा: एक मध्यम पेरू खाल्लात की लेव्हिन यांच्या प्रयोगातल्या तरुणांचा जिथे हंडा भरत आला होता तिथे तुम्ही पोचलात. एक मोठा आवळा म्हणजे साधारण दिवसाची गरज. दोन्ही उत्तम. पण तीस रुपयांचा पेरू सोडून तीनशे रुपयांची आवळ्याच्या रसाची बाटली का घ्यायची, हे मला कळलेलं नाही.

शेवग्याचा पाला, हिरवी मिरची, कोथिंबीर यांतही सी चांगलं असतं. मिरचीचं तर या इतिहासात नाव आहे: सेंट-ड्योर्डी यांनी हंगेरीत लाल ढोबळ्या मिरचीसारख्या पॅप्रिकामधूनच व्हिटॅमिन सी मोठ्या प्रमाणात काढलं आणि १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. फक्त मिरची शंभर ग्रॅम खाल्ली जात नाही, ही अडचण.

शिजवल्यावर सगळं मरतं का? सगळं कच्चंच खाऊ का?

सी मरतं, तेही पूर्ण नाही. ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. पालेभाजी आधी चिरून मग धुतली, वरून उकडून पाणी फेकलं, तर तुम्ही ते मोरीला पाजलंत. आधी धुवा, मग चिरा, झाकण ठेवून थोडक्या पाण्यात शिजवा. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

कॅरोटीनॉइड्सची गोष्ट उलटी आहे. टोमॅटो तेलात परतून शिजवला की पेशींच्या भिंती फुटतात आणि लायकोपीन कच्च्या टोमॅटोपेक्षा जास्त शोषलं जातं. या हिशेबाने पावभाजीचा टोमॅटो सॅलडच्या टोमॅटोवर मात करतो. (लोण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. हसू नका, हा प्रश्न मला खरंच विचारला गेलाय.)

थोडं कच्चं, थोडं शिजवलेलं. आपल्या ताटात डावी-उजवी बाजू असतेच.

डाएटवर आहे, म्हणून कोशिंबीर बिनतेलाची खाते. बरोबर ना?

पैसे आणि गाजर दोन्ही वाया. आयोवातल्या संशोधकांनी २००४ मध्ये पालक, गाजर, टोमॅटोचं सॅलड लोकांना दिलं. एकदा अजिबात तेल नसलेल्या ड्रेसिंगबरोबर, एकदा थोड्या तेलाबरोबर, एकदा जास्त तेलाबरोबर. बिनतेलाच्या सॅलडमधून कॅरोटीनॉइड्स रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत.

आता आजीची गाजराची कोशिंबीर आठवा. किसलेलं गाजर, दाण्याचं कूट, लिंबू, वरून हिंग-मोहरीची चमचाभर फोडणी. दाण्यात तेल, फोडणीत तेल, आणि लिंबू शिजवलेलं नाही. यात मला सुचवण्यासारखं काही उरत नाही. फक्त ती पानात चमचाभर न वाढता वाटीभर वाढा.

रक्ताची 'टोटल अँटिऑक्सिडंट' तपासणी करून घेऊ का?

नको.

एका गृहस्थांनी मला असा रिपोर्ट आणून दाखवला होता. आधीचा आकडा, मग महिनाभर रोज सकाळी फळांचा रस, मग नंतरचा आकडा, वर गेलेला. फार खुशीत होते. मी त्यांचं युरिक अ‍ॅसिड विचारलं. तेही वर गेलं होतं.

हे असं का होतं, ते अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये दोन संशोधकांनी २००४ साली छान उलगडून दाखवलं आहे. सहा जणांना त्यांनी पाच-पाच सफरचंदं खायला घातली, जवळजवळ किलोभर. रक्ताची अँटिऑक्सिडंट ताकद वाढली. मग त्याच लोकांना सफरचंदात असते तेवढी नुसती फ्रुक्टोज साखर दिली. तरीही ताकद वाढली! कारण फ्रुक्टोज पचवताना यकृतात युरिक अ‍ॅसिड तयार होतं आणि ही चाचणी त्यालाही अँटिऑक्सिडंट म्हणूनच मोजते. सफरचंदातल्या फ्लॅव्होनॉइड्सचा, म्हणजे पॉलिफेनॉलच्याच कुळातल्या द्रव्यांचा, त्यात हिस्सा नगण्य होता.

म्हणजे रिपोर्ट 'सुधारतो' तेव्हा एखाद्या वेळी तुमच्या पायाच्या अंगठ्याच्या सांध्याला गाऊटची (युरिक अ‍ॅसिड साठून होणाऱ्या सांधेदुखीची) चाहूल लागत असू शकते. परीक्षानळीतल्या ताकदीचंही तसंच. अमुक फळाचा 'ओआरएसी' स्कोअर इतका हजार, असं पाकिटावर वाचलं असेल. अमेरिकेच्या कृषी खात्याने असा तक्ता केला होता आणि २०१२ मध्ये स्वतःच काढून टाकला, कारण परीक्षानळीतल्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येईना आणि कंपन्या तो माल खपवायला वापरत होत्या.

मोजायचंच असेल तर ब्लड प्रेशर मोजा, साखर आणि लिपिड बघा.

मग रोज भाज्या चिरण्यापेक्षा एक गोळी घेतली तर?

याचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण यात जीव गेलेले आहेत.

१९८० च्या दशकात पाहण्यांमध्ये दिसत होतं की ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो. तर्क सरळ होता: बीटा-कॅरोटीनच द्या. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, काहींना रोज २० मिलिग्रॅमची गोळी. रक्तातली पातळी भाजीने कधी जाणार नाही इतकी वर गेली. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्यांवर आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या १८,००० हून जास्त लोकांवर असाच प्रयोग चालू होता, गोळीत बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए. तिथे वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ मध्ये प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. पुढे व्हिटॅमिन ईच्या ४०० युनिटच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ साली पुढे आलं.

घोळ कुठे झाला? रक्तातलं बीटा-कॅरोटीन ही भरपूर भाज्या खाणाऱ्या माणसाची खूण होती. भाजीबरोबर फायबर येतं, पोटॅशियम येतं, शेकडो इतर द्रव्यं येतात, आणि ताटात भाजीने जागा घेतली की दुसरं काहीतरी कमी होतं. खूण उचलून गोळीत भरली, माणूस आणि त्याचं ताट बाहेरच राहिलं.

एक अपवाद सांगून ठेवते: डोळ्याच्या पडद्याच्या आजारात डॉक्टर ल्युटीन-झिअ‍ॅक्सँथिन असलेली ठरावीक गोळी देतात, ती माझं वाचून बंद करू नका.

पॉलिफेनॉल रक्तात टिकतच नाहीत, मग जांभूळ-कोकम खाण्यात अर्थ काय?

चांगला प्रश्न. आता असं मानतात की ही द्रव्यं स्वतः फ्री रॅडिकलशी फारशी लढत नाहीत, तेवढी ती रक्तात पोचतच नाहीत. शरीराला ती किंचित परकी, किंचित त्रासदायक वाटतात आणि त्या चाहुलीने पेशी स्वतःची फौज वाढवतात. कोबी, मुळा, मोहरीची भाजी चिरल्यावर जो उग्र वास सुटतो त्या कुळातली द्रव्यं यात पुढे आहेत. काही पॉलिफेनॉल आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न होतात. हे संशोधन अजून सुरू आहे.

ब्लूबेरीची डबी घ्यायची असेल तर घ्या. पण तिचा निळा-जांभळा रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो तेच जांभळात आहेत, कोकमातही आहेत. लाल माठाचा भात लाल करणारा रंग वेगळ्या कुळातला, बीटाच्या नात्यातला. बीट खाल्ल्यावर लघवी लाल झाली तर काही जणांत ते साहजिक आहे. बीट खाल्लंच नसेल तर मात्र डॉक्टरांकडे जा.

रोज पपई आणि गाजराचा रस घेते, तळहात पिवळे झालेत. कावीळ?

डोळ्यांचा पांढरा भाग बघा. कावीळ असेल तर तोही पिवळा होतो. तळहात-तळपाय पिवळे आणि डोळे स्वच्छ असतील तर ते बहुधा साठलेलं कॅरोटीन आहे, प्रमाण कमी केलं की काही आठवड्यांत उतरतं. शंका असेल तर बिलिरुबिन तपासा, स्वस्त तपासणी आहे.

दुधीचा, कारल्याचा रस?

चोथा काढून टाकलेल्या रसाची मला एकूणच आवड नाही. पण दुधीबद्दल कळकळीने: आधी तुकडा चाखून बघा. कडू लागला तर तो दुधी फेका, रस काढू नका, 'औषध कडूच असतं' म्हणून गिळू नका. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या झालेल्या आहेत आणि आपल्या देशात माणसं दगावली आहेत. आयसीएमआरने त्यावर समिती नेमून इशारा दिला होता.

तंबाखू-सिगारेट आहे, पण फळं भरपूर खातो. बॅलन्स होईल?

नाही होणार. सिगारेट ओढणाऱ्याचं व्हिटॅमिन सी जास्त खर्च होतं, म्हणून अमेरिकेत त्यांना रोज ३५ मिलिग्रॅम जास्त सांगतात. तेवढं एका संत्र्यात भरून निघतं. बाकीचं नुकसान संत्र्याने भरत नाही.

जिमवाल्यांनी सी आणि ईच्या गोळ्या सांगितल्यात.

जर्मनीत २००९ मध्ये तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, अर्ध्यांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई. व्यायामाने इन्शुलिनचं काम सुधारायला हवं होतं, ते गोळ्या घेणाऱ्यांत सुधारलंच नाही. स्नायूंना व्यायामातला थोडा ताण हवा असतो, गोळीने तो पुसला. जिमनंतर केळं आणि पेरू खा.

कोणी जपून वाढवावं?

मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे फळं-भाज्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. त्यांना आम्ही नेमकं उलटं सांगतो, भाजी उकडून पाणी फेका. कमरख म्हणजे स्टारफ्रूट त्यांनी तोंडातही घालू नये. वॉरफेरीनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नाही, पण एकदम वाढवायचीही नाही. रोज सारखी ठेवा आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, बघा. मूतखडा होणाऱ्यांनी पालक जपून, आणि सीच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या नकोच.

आम्ही परदेशात आहोत, फ्रोझन पालक चालेल?

चालेल. गोठवण्याआधी त्याला उकळत्या पाण्यातून काढतात तेव्हा थोडं सी जातं, पण मग उरलेलं बऱ्यापैकी टिकतं. चार दिवस फ्रीजमध्ये मान टाकलेल्या ताज्या जुडीपेक्षा तो वाईट नाही.

आणि आम्ही इथे आठवड्याची भाजी एकदम आणतो, तिचं काय?

क्रम लावा. रविवारी मंडईतून आल्यावर मेथी, पालक, चाकवत पहिल्या दोन दिवसांत संपवा. त्यांचं सी सगळ्यात आधी उडतं. मग भेंडी, गवार, फ्लॉवर. कोबी, गाजर, लाल भोपळा शुक्रवार-शनिवारपर्यंत निवांत थांबतात. पेरू फ्रीजमध्ये ठेवू नका, टेबलावर ठेवा, दिसले की खाल्ले जातात.